सहा कार्डांवर वाळवलेल्या कुरडया

लहानपणाचं लिहा, मोठे कसे झालात ते लिहा, असं लोक सांगतात. माझं लहानपण चौथीत संपलं. मास्तरांनी हाकललं नाही, मीच परत गेलो नाही. अमळनेरला पंपाच्या मोटारी भरायच्या दुकानात जाऊन बसलो तो साठ वर्षं तिथंच बसलो. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं, भट्टीत सुकवायचं, परत फिरवून बघायचं. पण ह्याला कोणी मोठं होणं म्हणत असेल तर म्हणो, मी म्हणत नाही. एकाहत्तराव्या वर्षापर्यंत मला घरातलं मीठ कुठल्या बरणीत असतं ते ठाऊक नव्हतं. ताट समोर यायचं, मी जेवायचो, ताट उचललं जायचं. आपण बोललेलं खोटं निस्तरायला ज्या दिवशी माणूस स्वतः बाह्या सरसावतो, त्या दिवशी तो मोठा होतो, असं माझं मत आहे. तसं पाहिलं तर मी मोठा झालो आयर्लंडमध्ये, मुलीच्या घराच्या माळ्यावर, जावयाच्या यंत्राच्या उबेला बसून.

आधी खोटं सांगतो. माझी बायको, म्हणजे शुभीची माय, गेली तेव्हा मेथी निवडत बसली होती. मी बाहेरून आलो तर जुडी अर्धी निवडलेली आणि ही भिंतीला टेकलेली. त्या सालचा रोग तिला शिवलाही नव्हता, नुसतं हृदय थांबलं. शुभी आमची एकुलती एक, ती तिकडं डब्लिनला, आणि विमानं बंद. पोरीनं आईचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं. तेराव्याला माणसं मोजकीच बोलवा असा सरकारचा हुकूम होता, तरी ओसरी भरली. पानात वाढायला काय करायचं ते कोणाला सुचेना. फळीवर तिनं चैत्रात केलेल्या कुरडयांचा डबा होता. मीच म्हटलं, काढा, तळा. सगळा डबा तळला. लोकांनी वाहवा केली. मीसुद्धा खाल्ल्या, लपवू कशाला, चार खाल्ल्या. महिन्याभरानं शुभीचा फोन. "बाबा, आईच्या ह्या वर्षीच्या कुरडया असतील ना हो? माझ्यासाठी ठेवा. आखाजीला घागर भरू तेव्हा तिच्या पानावर तिच्याच हातच्या वाढू." माझ्या तोंडून निघून गेलं, "आहेत ना. बॅगेत घालून आणतो."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात, आणि जेवणातला पहिला घास विस्तवात टाकून त्यांना जेवायला बोलावतात. त्याला आगारी म्हणतात. माणूस गेल्यावरची पहिली आखाजी तर कोणी चुकवत नाही. दिवाळीच्या सुमाराला विमान सुटलं आणि मी शुभीकडे पोचलो. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठे आहेत?" मी म्हटलं, "बॅगेत, तळाशी. आता हवा लागली तर सादळतील. आखाजीला काढू." बापाच्या बॅगेला हात लावायची नाही अशी पोर ती. तिनं विश्वास ठेवला. बॅगेच्या तळाशी माझी दोन धोतरं होती.

घर डब्लिनच्या उत्तरेला, ब्युमॉन्टमध्ये. जवळच मोठं इस्पितळ, शुभी तिथं औषधांच्या विभागात. सकाळी सातला जायची ती संध्याकाळी सातला गालावर मास्कचे वळ घेऊन यायची. जावई मंदारराव पुण्याचे. त्यांचं ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला, पण त्या वर्षी ऑफिसाला कुलूप, म्हणून पुढच्या खोलीत कानाला हेडफोन लावून दिवसभर भिंतीशी इंग्रजी बोलत बसलेले. म्हणजे घरात आम्ही दोघं, सासरा आणि जावई. लग्नाला सात वर्षं झालेली आणि आमचं बोलणं सगळं मिळून सात वाक्यांचं. जावयाला काम सांगायचं नाही आणि मुलीच्या घरी फुकटचं खायचं नाही, ह्या दोन गोष्टी माझ्या हाडात. ते म्हणायचे, "बाबा, चहा?" मी म्हणायचो, "नको नको, तुम्ही घ्या." मग दोघंही चहावाचून राहायचो. दुपारी पोह्यांच्या ताटल्या घेऊन समोरासमोर बसायचो आणि हवेवर बोलायचो. तिकडं हवेवर बोलायला पुष्कळ असतं, एका ताटलीत तीनदा बदलते. बाकी आवाज म्हणाल तर फ्रिजची घुरघुर, शेजारच्या नोरीनबाईच्या चार कोंबड्या, आणि डोक्यावरून, माळ्यावरून, एकसारखी घूंऽऽ.

तो घूं मला पहिल्या आठवड्यापासून खुणावत होता. साठ वर्षं फिरणाऱ्या वस्तूंचे आवाज ऐकलेला माणूस मी. एक दिवस पोहे खाताना म्हटलं, "मंदारराव, वर काय फिरू राह्यलं ते मला माहीत नाही. पण त्यातल्या एका पंख्याचं बेरिंग गेलंय." मंदाररावांचा चमचा तोंडाशी थांबला. सासऱ्यासमोर नेहमी पाहुण्यासारखे बसणारे जावई पहिल्यांदा माणसासारखे घाबरले. "बाबा, प्लीज, शुभीला सांगू नका."

काय सांगू नका, ते बघायला शिडीवर चढावं लागलं. शुभीची सक्त ताकीद होती की बाबांनी माळ्याच्या शिडीला हात लावायचा नाही, इथं पडलात तर इस्पितळात खाट मिळायची नाही. मी हात कमी लावला, पाय जास्त लावले. वर गेलो तर लाकडी चौकटीत ओळीनं टांगलेली पाच कार्डं, विटेएवढी जाड, प्रत्येकाला दोन-तीन पंखे. संगणकात चित्रं उमटवायला असतात तीच ही. मला कळलं तसं सांगतो. ही कार्डं दिवसरात्र आकडेमोड करतात, जगभरातल्या अशाच कार्डांशी शर्यत लावून एका कोड्याचं उत्तर शोधतात, आणि त्याच्या बदल्यात मालकाला एका नाण्याचा कण मिळतो. ते नाणं हातात येत नाही, वाजत नाही. मी विचारलं, "मग त्यात आहे काय?" मंदारराव म्हणाले, "बाबा, ॲक्च्युअली, विश्वास." मी म्हटलं, "हां, म्हणजे भिशी." ते म्हणाले, "जवळपास." शुभीला त्यातली तीन कार्डं माहीत होती. जास्तीच्या दोन कार्डांचं गुपित आमच्या दोघांत राहिलं. मी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब त्या पंख्यात सोडला, आवाज बसला, आणि त्या दिवशी आम्ही दोघांनी दोन-दोन कप चहा घेतला.

मग मंदाररावांना सहावं कार्ड हवं झालं. नवी कार्डं त्या वर्षी दुकानात मिळतच नव्हती, सगळं जग त्यांच्या मागं लागलेलं. जुनी मिळायची, ती लोकांच्या दारात. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढं जायची बंदी होती, म्हणून जवळचाच एक विकणारा शोधला. आम्ही गेलो तर तो आपल्या दाराशी उभा राहिला, लाल दाढीवाला, पायात सपाता. त्याच्याकडं दोन कार्डं होती. एक चकचकीत, खोक्यासकट. दुसरं धुळीनं माखलेलं. मंदारराव चकचकीत कार्डाकडं नवऱ्या मुलासारखे बघू लागले. मी ते हातात घेतलं, मास्क हनुवटीवर ओढला आणि वायर लागते त्या तोंडाशी नाक नेलं.

"इज ही… इज ही स्मेलिंग इट?" दाढीवाला म्हणाला.

मंदारराव लालबुंद. "ही इज ॲन इंजिनिअर," म्हणाले.

बाकी मला कळलं नाही, तो एक शब्द कळला. चौथी पास माणसाला आणखी काय पाहिजे. "मंदारराव," मी मराठीत म्हटलं, "हे जळालेलं आहे. वरून पुसलंय, पण वास पुसता येत नाही. आणि स्क्रूंची डोकी बघा, खरवडलेली. आधी कोणीतरी खोललंय." मग धुळीचं कार्ड घेतलं, पंखा बोटानं फिरवला, कानाशी धरला. गपगुमान थांबला, खरखर नाही. "हे घ्या. ह्यानं धूळ खाल्लीय म्हणजे राबलंय. राबलेलं चालतं, जळलेलं चालत नाही." दाढीवाल्याला काय उमगलं कोण जाणे, त्यानं चकचकीत कार्ड हळूच दाराआड सरकवलं आणि मला म्हणाला, "फेअर प्ले टू यू." तिकडची शाबासकी ती. परतताना मंदारराव रस्ताभर हसत होते. सहावं कार्ड चढलं. शुभीला अजून तीनच.

एवढं सगळं चाललं तरी माझ्या बॅगेत धोतरंच होती आणि आखाजी महिन्यावर आली. शुभी अधूनमधून म्हणायची, "ह्या वेळी तरी आईचं काही माझ्या हातानं होईल." खरं सांगावं तर मी तिच्या आईची शेवटची वस्तू गावजेवणात उधळली होती. ते सांगायला जीभ वळेना. म्हणून ठरवलं, कुरडया करायच्या. शुभीच्या मायच्या हातच्या कुरडया मी करायच्या, आणि त्या तिच्या म्हणून द्यायच्या. नकली माल. दुकानात उभ्या जन्मात कोणाला नकली तार लावली नाही, आणि म्हातारपणी मेलेल्या बायकोच्या नावावर माल काढायला निघालो.

कुरडईला आधी अख्खा गहू लागतो. घरात पीठ होतं, गहू नव्हता. पण नोरीनबाईच्या कोंबड्या गहूच खात होत्या, मी कुंपणावरून रोज बघत होतो. एका सकाळी तिला हाक मारली. बाई सत्तरीची, पांढऱ्या केसांची, सदा बोलायला तयार. मी बोटानं दाखवून म्हटलं, "व्हीट. गिव्ह. आय ईट."

तिनं हात छातीवर ठेवला. "अह गॉड, यू पुअर मॅन. आर दे नॉट फीडिंग यू?"

गव्हाची पिशवी मिळाली. दुसऱ्या दिवशी दारात गरम बनांची टोपलीही आली, लोणी आणि मुरांब्यासकट. ती टोपली मी माझ्या खोलीत नेऊन एकट्यानं संपवली. मुलीच्या घरचं नव्हतं ते, मनाला लागलं नाही.

शुभीची माय कुरडया करायची तेव्हा माझं काम गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकायचं. तेवढ्यावरून मला काय येणार? पण डोळे उघडे असतात माणसाचे. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून पांढरा चीक काढायचा. तो बसला की वरचं पाणी ओतायचं, उकळत्या मिठाच्या पाण्यात चीक सोडून ढवळत राहायचं, आणि ढवळताना कोणाशी बोलायचं नाही. बोललं की गुठळी होते. ती बोलायची नाही ते मला एवढी वर्षं रुसवा वाटत होता. बादली मी माझ्या खाटेखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी आंबलेल्या गव्हाचा वास जिन्यावरून खाली उतरला. शुभीच्या नाकाला दिवसभराच्या मास्कनं काही कळत नसे, पण मंदारराव दोन बैठकांच्या मध्ये दारात आले. "बाबा, काही आंबलंय का इथं?"

"माझे मोजे," मी म्हटलं. पुण्याचे जावई. त्यांनी पुढं विचारलं नाही. संध्याकाळी मला मोज्यांचे सहा नवे जोड मिळाले.

आता वाळवायच्या कुठं? गच्ची नाही, आणि ऊन म्हणजे आलं नाही तोवर गेलं. पण डोक्यावर सहा कार्डं घूं करत होती आणि त्यांच्यावरून निघणारी हवा अशी कोरडी, अशी गरम, की थेट आमच्या अमळनेरच्या चैत्रातली. वार्निश वाळवलेल्या माणसाला भट्टी दाखवावी लागत नाही. शुभी कामाला गेली, मंदाररावांनी हेडफोन चढवला, की मी शिजवलेल्या चिकाचं पातेलं आणि चकलीचा सोऱ्या घेऊन शिडीवर. चौकटीच्या वर चादर ताणून बांधली आणि त्यावर कुरडया घातल्या. पहिल्या चार शेणाच्या गोवऱ्यांसारख्या झाल्या, पुढच्या बऱ्या. संध्याकाळी पाचला चादर गुंडाळून सगळं माझ्या पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी परत वर.

त्याच दिवशी मंदाररावांची कार्डं पडायला लागली. पडायला म्हणजे बंद. अकराच्या सुमाराला मधली दोन बंद, बाराला तिसरं. त्यांना ते खाली लॅपटॉपवर दिसायचं, पण बैठक सोडून वर जाता येत नव्हतं. सहाला जाऊन बघावं तर सगळी ठणठणीत. "बाबा, हे काहीतरी विचित्र आहे हो. मी गेलो की चालू." मी म्हटलं, "डॉक्टर आला की पेशंट बरा होतोच." एक दिवस त्यांनी कार्डाखालची वायर बदलली, दुसऱ्या दिवशी वीज देणारा डबा, तिसऱ्या दिवशी आतला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम नव्यानं घातला. मीही सोबत. माझी रीत वेगळी. मी म्हटलं, एका वेळी एकच बदला. मधल्या कार्डाला शुभीच्या देव्हाऱ्यातलं कुंकवाचं बोट लावून खूण केली आणि ते कडेला टांगलं, कडेचं मध्ये आणलं. दुसऱ्या दिवशी कुंकवाचं कार्ड दिवसभर चाललं आणि मध्ये आणलेलं पडलं. "खोट कार्डात नाही," मी ठसक्यात म्हणालो, "जागेत आहे." आणि हे वाक्य तोंडातून निघता निघता मला कळलं की त्या जागेच्या बरोब्बर वर काय असतं. पंखे गरम हवा वर फेकत होते, ती माझ्या चादरीला थडकून परत त्यांच्याच तोंडात जात होती. पातेल्यावर झाकण घालून मीच दूध उतू घालवत होतो. गप्प बसलो. शुद्ध बदमाशी केली, कबूल करतो. अजून एक दिवस, एवढ्या वाळल्या की बास, असं स्वतःला सांगितलं.

पण मंदाररावांनी त्या रीतीनं पुढं विचार केला आणि सगळंच यंत्र दोन दिवस बंद ठेवलं, माळ्याची हवाच बघू म्हणाले. दोन दिवस उष्णता नाही. पलंगाखालच्या माझ्या कुरडयांवर हिरवी लव आली. अर्धवट वाळलेला चीक आणि तिकडची ओल, दुसरं काय होणार. नोरीनबाईच्या कोंबड्यांनाही देता येईनात, सगळ्या मातीत पुरल्या. आखाजीला दहा दिवस राहिले होते. मोटर जळाली तर परत भरता येते. हे परत भरायला तीन दिवस नुसते भिजवण्यात जाणार होते, आणि भट्टी दुसऱ्याच्या मालकीची.

त्या दुपारी मंदाररावांनी यंत्र परत चालू केलं आणि टक-टक असा आवाज आला. कुंकवाचं कार्ड. त्यांनी ते उतरवलं, पंख्यातून चिमट्यानं काहीतरी ओढलं, आणि उजेडात धरलं. पांढरी, वाळलेली, वेटोळ्याची एक दोरी.

"बाबा. ह्यात नूडल कसं आलं?"

"नूडल नाही. कुरडई आहे ती."

मग सगळं सांगितलं. तेराव्याचा डबा, बॅगेतली धोतरं, मोजे. सांगताना मान वर केली नाही. वाटलं, हा पोरगा आता शुभीला सांगेल, आणि मला जे नको होतं ते दुसऱ्याच्या तोंडून होईल. मंदारराव माळ्याच्या फळीवर बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी दीडशे वेळा ड्रायव्हर बदलला… आणि वर वाळवण होतं." आणि असे हसले की डोक्याला माळ्याचं आडं लागलं. हसून झाल्यावर डोळे पुसले आणि पुण्याच्या शिस्तीत म्हणाले, "बाबा, तुमचा एअरफ्लो चुकलाय."

उरलेले दिवस आम्ही दोघांनी काम केलं. आधी थंड हवा कार्डांना, मग त्यांची गरम हवा कुरडयांना, आणि कुरडयांची ओल झरोक्यातून बाहेर, अशी पुठ्ठ्याची नळी त्यांनी मापं घेऊन कापली. मी चौकट आडवी केली, चादर दोन हात लांब नेली. कार्डांची वीज त्यांनी थोडी कमी केली, म्हणजे काम किंचित हळू पण अंगात ताप नाही. जावयाला काम सांगू नये म्हणतात. मी त्यांना सोऱ्या दाबायला बसवलं. तळहाताला फोड आले तेव्हा म्हणाले, "आई दर वर्षी हे करायच्या?" मी म्हटलं, "दर वर्षी. आणि मी कावळे हाकायचो." एक कार्ड पडलं नाही. तिसऱ्या दिवशी कुरडई मोडली तर कट्कन आवाज आला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून, आदल्या दिवशी मी तो डबा शुभीच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं, बघितलं आणि लगेच लावलं.

आखाजीला तिनं सुट्टी घेतली. मातीची घागर कुठली मिळणार, लग्नातला तांब्याचा कलश भरला, त्यावर लोटा, लोट्यावर पिवळं खरबूज. पुरणपोळी, डब्यातल्या आंब्याचा रस, भजी. कुरडया तळायची वेळ आली तर शुभीनं डब्यातून एकच काढली. तेलात सोडली. फुलली हो, पांढरीशुभ्र, ताटभर. "अजून घाल की," मी म्हटलं. "एकच पुरे," ती म्हणाली. मला वाटलं, पोरीला संशय आला.

घरातली शेगडी काचेची, तिला विस्तव नाही. म्हणून मागच्या अंगणात लोखंडी ट्रेत तिकडच्या दलदलीतल्या मातीच्या वाळक्या विटा पेटवल्या, आपल्या गोवऱ्यांच्या भावकीतल्या. चांगला निखारा झाला. कुंपणावरून नोरीनबाई डोकावली, "बार्बेक्यू, इज इट?" मंदारराव म्हणाले, "नो, इट्स डिनर फॉर माय मदर-इन-लॉ." "अह, ग्रँड. इज शी ओव्हर?" बाईला वाटलं, त्या इकडं आल्यात. "शी इज डेड." बाईनं कपाळापासून छातीवर क्रूस काढला आणि तिथंच हात जोडून उभी राहिली, गेली नाही.

मी पानातला घास घेतला, पोळीचा तुकडा, वर तूप, वर कुरडईचा तुकडा. विस्तवासमोर उकिडवा बसलो. तिला हाक मारली, आमच्या अहिराणीत, जशी घरात मारायचो, "इंदे, ये जेवाले." पुढं म्हणायचं असतं, हे तुझ्यासाठी केलं. ते ओठाशी आलं आणि थांबलं. जिवंत माणसाशी मी खोटं बोललो होतो, महिनोन्‌महिने बोललो होतो. पण तिच्याशी बोलता येईना. आणि ती कुरडई तर ओळखलीच असती तिनं, पहिल्या वेटोळ्याला. मी मोठ्यानं म्हटलं, "ह्या तुन्या नहीत. मन्या हातन्या शेतस. तुझ्या सगळ्या मी तेराव्याला लोकांना खाऊ घातल्या. ह्या जाड झाल्या, मीठ कमी पडलं. गोड मानून घे." आणि घास टाकला. चरचरला.

मागं शुभी उभी होती. वळून बघायची हिंमत नव्हती, तरी वळलो. ती दाराच्या पायरीवर मटकन बसली होती.

"सगळ्या?" ती म्हणाली.

"सगळ्या. चार मी खाल्ल्या."

"आणि मला म्हणालात, बॅगेत आहेत."

"हो."

तिनं ओढणीनं तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मी उठलो, म्हटलं, "मार मला दोन. पण रडू नको." तिनं ओढणी काढली तर ती रडतही होती आणि हसतही होती. "बाबा, काल डबा हातात दिलात तेव्हापासून मला झोप नाही. ह्या तळल्या की आईचं सगळं संपणार. एक तळली तीही जिवावर आली. बाकीच्या मी लपवून ठेवणार होते, वर्षानुवर्षं. बुरशी आली असती तरी टाकल्या नसत्या." मग नाक पुसलं, बापावर ओरडतात तशी ओरडली, "लाज नाही वाटली तेराव्याला? चार? आणि मंदार, तुला माहीत होतं?" मंदाररावांनी विस्तवातली वीट हलवायला घेतली. मग ती उठली. "ह्या तुमच्या आहेत ना? मग ठेवायच्या कशाला? चला, तळते."

आता हे लिहिताना मी परत अमळनेरला आहे आणि चहा स्वतः करून घेतो, मीठ कुठल्या बरणीत तेही ठाऊक आहे. पण त्या दुपारसारखं जेवण परत झालं नाही. शुभी घाण्यामागून घाणा काढत होती, आम्ही उभ्या उभ्या खात होतो. नोरीनबाईला कुंपणावरून चार दिल्या. तिनं एक हातात धरून उजेडाकडं बघितली आणि कुडुम्कन चावली. शुभी खात खात म्हणाली, "मीठ खरंच कमी आहे." मग, "पण वाळवल्या कुठं? ह्या देशात?" मंदाररावांच्या तोंडात घास होता, तरी ते प्रामाणिकपणानं म्हणाले, "वर. सहा कार्डांवर."

"सहा?"

पुढचा अर्धा तास मी पुरणपोळीत लक्ष घातलं. नवऱ्याला झापावं तर असं झापावं, आवाज न चढवता, झारा हातात धरून. मधूनच माझ्याकडं वळायची, "आणि तुम्ही शिडी चढलात!" मग परत त्यांच्याकडं. तरी तळणं थांबलं नाही. डबा रिकामा झाला तेव्हा तिनं तो उपडा करून मंदाररावांच्या रसाच्या वाटीवर ठोकला. तळाचा सगळा कच्चा चुरा रसात पडला, आणि शिव्या खात खात त्यांनी तो चमच्यानं शेवटपर्यंत खाल्ला.